एक कडी न झाळलेली

एकदा एका गृहस्थांना साखळ्या विणण्याचा छंद जडला. गृहस्थांचे नाव अच्युतराव. उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात नळ जोडण्यात गेला होता, त्यामुळे निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात. त्यांच्याच गल्लीत रेगे मास्तर नावाचे चित्रकलेचे वृद्ध शिक्षक राहत. तारेच्या बारीक कड्या एकीत एक गुंफून ते गळ्यातल्या साखळ्या करीत. विकत मात्र नसत. कुणाच्या लेकीसुनेला आवडली की देऊन मोकळे होत. अच्युतराव त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी अच्युतरावांनी कडीची दोन टोके दोन पकडींत धरली आणि सरळ फाकवली.

“असं नाही,” मास्तर म्हणाले. “फाकवली की तिचा गोल जातो, मग काही केल्या परत येत नाही. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे. दार लोटावं तशी उघडायची, आणि तशीच मिटायची.”

हळूहळू हात बसला, पण स्वभावाला औषध नसते. जोड म्हणजे पक्का, थेंबभरही झिरपता कामा नये, हे अच्युतरावांचे नोकरीतले ब्रीद. मिटलेल्या कडीवरची केसाएवढी फट त्यांच्या डोळ्यांत खुपत राही. मास्तर हसून म्हणत, “अहो, यातून पाणी न्यायचं नाहीये आपल्याला.”

दिवाळी जवळ आली तशी अच्युतरावांनी चांदीची तार आणली.

“कुणासाठी?” मास्तरांनी विचारले.

“बहिणीसाठी. भाऊबीजेची ओवाळणी. कुरियरनं पाठवीन म्हणतो.”

“फार लांब असते का?”

“नाही,” अच्युतराव चाचरले. “बसनं तासाभराची वाट.”

मास्तरांनी हातातली पकड खाली ठेवली. तेव्हा अच्युतरावांना सारे सांगावे लागले. आईच्या वर्षश्राद्धाला धाकटी बहीण कुंदा उशिरा पोचली होती. पाने वाढून झाली होती, भटजी खोळंबले होते. अच्युतरावांचा तोल गेला. “आई होती तेव्हाही तू अशीच उशिरा यायचीस,” असे ते भरल्या घरात बोलून गेले. कुंदा न जेवता परत फिरली. त्यानंतरच्या दोन्ही भाऊबीजा कोरड्या गेल्या.

“माझंही चुकलं, नाही म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण मी मोठा आहे. आधी तिनं बोलावं. साखळी मात्र अशी करतो, की जन्मात तुटणार नाही.”

आणि खरोखरच त्यांनी तशी केली. विणून झाल्यावर सोनाराकडे बसून प्रत्येक कडीची फट डाग देऊन झाळून, कायमची बंद करून घेतली. साखळी घेऊन ते मास्तरांकडे आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान लपत नव्हता.

मास्तरांनी साखळी बोटांवरून फिरवली. “वीण सुरेख आली आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी कात्री घेतली आणि अडकवणीजवळची एक कडी कापून टाकली.

“मास्तर! हे काय केलंत?” अच्युतराव ताडकन उठले. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर या माणसाने क्षणात पाणी फिरवले, याचा त्यांना संताप आला.

मास्तरांनी डबीतून तांब्याची एक पातळ कडी काढली, रिकाम्या जागी ओवली आणि नुसती मिटली. झाळली नाही. मग साखळी खिडकीच्या खिट्टीला अडकवून अच्युतरावांच्या हाती दिली. “ओढा.”

अच्युतरावांनी रागातच हिसका दिला. तांब्याची कडी तेवढी उघडली आणि बाकी साखळी अखंड त्यांच्या हातात आली. मास्तरांनी दोन पकडी घेतल्या, कडी पुन्हा ओवली, मिटली. साखळी होती तशी झाली.

“गळ्यातली साखळी कधी ना कधी कुठं तरी अडकतेच,” मास्तर शांतपणे म्हणाले. “पिशवीच्या बंदात, लहान मुलाच्या मुठीत. त्या वेळी काही तरी सुटावंच लागतं. सगळ्याच कड्या हट्टाला पेटल्या, तर साखळी टिकेल, पण मान कापेल. म्हणून एक कडी सुटणारी ठेवायची. तिला दुबळी समजू नका. ती सुटते, म्हणून बाकीच्या शाबूत राहतात. सुटलेली कडी परत मिटता येते, अच्युतराव. तुटलेली नाही.”

अच्युतरावांचा राग ओसरला होता. त्यांनी ती कडी बोटाने चाचपून पाहिली.

“पण मास्तर,” त्यांनी विचारले, “सुटणारी कडी कोणती ठेवायची, हे ठरवायचं कुणी?”

“पकड ज्याच्या हातात आहे, त्यानं,” मास्तर म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

अच्युतरावांनी कुरियरसाठी आणलेले खोके घरी जाऊन माळ्यावर टाकले.

भाऊबीजेच्या दिवशी ते सकाळच्या बसने निघाले. वाटेत एक पूल दुरुस्तीला काढलेला होता. बस आधी तासन्‌तास खोळंबली, मग लांबचा वळसा घालून गेली आणि कुंदाच्या दारात पोचेपर्यंत दुपार कलली. दार कुंदानेच उघडले. पण ती दारातून बाजूला झाली नाही. वाटेत घोकलेली सगळी वाक्ये अच्युतराव विसरले.

“उशीर झाला गं मला,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाला. त्या दिवशी तुला तसं बोलायला नको होतं मी. चुकलं माझं.”

कुंदाने पदराने डोळे टिपले आणि ती दारातून बाजूला झाली.

“ये, दादा. पाट मांडलेलाच आहे,” ती म्हणाली. “दर भाऊबीजेला मांडते.”

आत पाटाभोवती रांगोळी होती. अच्युतराव पाय धुऊन पाटावर बसले.