लॅग आला रे!

एकदा एक तरुण शिष्य शंकानिरसनासाठी आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारात उभा राहिला, आणि त्याच्या हातात पोथी नव्हती. गेम खेळायचा भलामोठा कॉम्प्युटर होता. हसू नका. ज्या काळाची माणसं, त्या काळाच्या शंका.

गुरुजी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ते स्वतःच सांगत. तरी जुने विद्यार्थी लग्न ठरवण्यापासून घराला रंग देण्यापर्यंत सारं त्यांना विचारूनच करत.

"गुरुजी, हे यंत्र म्हातारं झालंय," शिष्य म्हणाला. "यात पडद्यावर चित्र उमटवणारा एक भाग असतो, ग्राफिक्स कार्ड. ते बदलावं की नाही, तेवढं सांगा."

"अडचण काय होते?"

"ऐन लढाईत चित्र अडकतं. आम्ही त्याला लॅग म्हणतो. त्यापायी आमची टीम स्पर्धा हरली." मग मान खाली घालून तो म्हणाला, "माझा मित्र देवदत्त स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून मला देतोय. म्हणतो, 'मी राखीव बसेन, तू खेळ.' आता येईलच तो. घेऊ का?"

आता खरी गोष्ट काय होती, ते मी तुम्हाला सांगून टाकतो. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. हा खेळ चौघांनी मिळून खेळायचा. कुणी जखमी होऊन पडला, की ठरलेल्या गड्यानं धावत जाऊन त्याला उठवायचं. ते काम या शिष्याकडे होतं. पण याला हौस शत्रू टिपायची! अंतिम सामन्यात देवदत्त पडला, "ये रे, ये लवकर" म्हणून हाका मारत राहिला, आणि हा पठ्ठ्या एका शत्रूमागे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत सुटला. देवदत्त मेला, टीम हरली, तेव्हा याच्या तोंडून निघून गेलं, "लॅग आला रे! हललंच नाही माझं." नाचता येईना अंगण वाकडं, ही आपली म्हण. या मंडळींना त्यासाठी एक शब्द पुरतो.

बरं, अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ असतात. इथे शेजारी आपलं अंगण उचलून द्यायला निघाला होता! त्यामुळे शिष्याला घास गोड लागेना. गुरुजींनी आपणहून "घेऊ नकोस" म्हणावं, म्हणजे कार्डही घ्यावं लागणार नाही आणि खोटंही झाकलेलं राहील, अशी त्याची आशा होती.

एवढ्यात देवदत्त आला. कार्ड त्यानं जुन्या मऊ सदऱ्यात गुंडाळून आणलं होतं.

गुरुजींनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "ते राहू दे बाजूला. आधी तू खेळ याच्यावर."

शिष्य चपापला. "त्याला कशाला गुरुजी? कॉम्प्युटर माझा आहे."

"कार्ड त्याचं आहे. कशासाठी देतोय, ते त्याला कळायला नको? तू बस तिकडे, जमिनीवर."

देवदत्त खेळायला बसला. आतला पंखा घरघरत होता, चित्र थोडं भुरकट होतं, पण कुठे अडकत नव्हतं. त्यानं ऑनलाइन सोबत आलेल्या दोन अनोळखी गड्यांना धावत जाऊन उठवलं आणि डाव सहज जिंकला. शिष्याचे कान तापले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"काय रे, अडकलं?" गुरुजींनी विचारलं.

देवदत्तनं क्षणभर मित्राकडे पाहिलं. "हो गुरुजी. अडकतं मधूनमधून. याला कार्ड लागेलच."

"नाही अडकत!" शिष्य ओरडलाच. "कधीच अडकलं नाही. देवदत्त, त्या दिवशी तुझ्या हाका ऐकू येत होत्या मला. मी आलो नाही. आणि वर खोटं बोललो."

"माहीत आहे रे," देवदत्त हळूच म्हणाला. "या खेळात मेलेल्याला जिवंत गड्याचाच पडदा दिसतो, विसरलास? मी मेल्यावर तुझंच बघत होतो. चांगला पळत होतास की."

शिष्यानं विचारलं, "मग... मग कार्ड का आणलंस?"

"तोंडावर बोललो असतो, तर शरमेनं तू टीम सोडली असतीस. परत बोललाही नसतास माझ्याशी. मला ओळखत नाहीस का तू? मी तर तुला ओळखतो."

शिष्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपण पकडले गेलो, याची ती लाज नव्हती. आपण इतके दिवस सांभाळले जात होतो, याची होती.

गुरुजी उठून त्याच्याजवळ बसले. म्हणाले, "बाळा, यंत्र जुनं होतं, भाग झिजतात, ते बदलावेत, त्यात पाप नाही. हेही एक दिवस बदलावं लागेल. पण दोष माणसाचा आणि शिक्षा यंत्राला, असं झालं की ती शिक्षा यंत्र भोगत नाही, आपल्यावर जीव असणारा कुणीतरी भोगतो. आपलं खोटं खपलं असं आपल्याला वाटतं. अरे, बहुधा ते खपलेलं नसतं. कुणीतरी मुकाट्यानं पदरात घेतलेलं असतं."

शिष्य उठला. डोळे पुसून त्यानं सदऱ्यात गुंडाळलेलं कार्ड नीट उचललं. "चल," तो देवदत्तला म्हणाला, "तुझ्या घरी जाऊन मीच बसवून देतो. आणि टीममधल्या बाकीच्या दोघांना फोन लाव."

"त्यांना कशाला सांगतोस? राहू दे ना."

"लाव तू."

देवदत्तनं फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडून "बोल रे" आलं, आणि शिष्यानं फोन कानाशी घट्ट धरला. गुरुजींनी काही सुचवलं नाही, देवदत्तनंही नाही. दोघं नुसते त्याच्या बाजूला उभे राहिले, आणि तो सारं खरं सांगू लागला.

वाचकहो, पुढच्या वेळी यंत्राला नावं ठेवण्याआधी, आपल्याला कोण हाका मारत होतं ते आठवून पाहावं.