शांतवनचा माळ

फार वर्षांपूर्वी मांजरदरा आणि वाकळवाडी या शेजारशेजारच्या गावांत एकदमच पटकी आली. उलट्या-जुलाबांनी सकाळचा धडधाकट माणूस संध्याकाळी उचलावा लागे. तेव्हाची रीत अशी, की मरीआईचा लाकडी गाडा सजवायचा, गावाची पीडा त्यात बसवायची आणि शेजाऱ्याच्या शिवेत नेऊन सोडायची. शेजारी मेला तरी बेहत्तर. मांजरदऱ्यानं गाडा तिकडे लोटला, वाकळवाडीनं तो परत इकडे लोटला. शेवटी दोन्ही गावं काठ्या घेऊन शिवेवर उभी राहिली, आणि घरात पडलेल्यांना पाणी पाजायला कुणी उरलं नाही.

दोन गावांमधल्या पडीक माळावर शांतवन नावाचा ख्रिस्ती माणूस राहायचा. घायपाताचे दोर वळून पोट भरायचा. त्याला हे बघवेना. गाडा आपणच ओढून आणायचा, म्हणजे लोक तरी घरी जातील, असं त्यानं ठरवलं. त्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांना ते कळलं. देवीच्या गाड्याला हात लावलास तर चर्चच्या मंडळीतून नाव काढीन, मेल्यावर कब्रस्तानात जागा मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं.

शांतवन म्हणाला, "साहेब, ह्यो गाडा कुनाच्या तरी दारात जानारच. मग माझ्या दारात येऊ द्या. प्रभूनं लोकांचं वझं उचललं, तवा शीव न्हाई बघितली."

असं म्हणतात, चार बैलांना न हलणारा गाडा त्यानं आपल्या दोरानं एकट्यानं ओढला, आणि त्याच्या चाकोरीत अजून गवत उगवत नाही. मग दोन्ही गावांनी आपले आजारीही त्याच्या झोपडीपुढे आणून टाकले. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मार्थाबाईनं, सगळ्यांची घाण काढली, पेज पाजली. पाचव्या दिवशी मार्थाबाई गेली. बरे झालेले मात्र मागे वळून न बघता घरी गेले.

नवव्या दिवशी शांतवन स्वतः पडला. पाणी, पाणी म्हणत होता. दोन्ही गावं आपापल्या शिवेवरून ऐकत होती. त्यानं वाचवलेलीही त्यांत होती. सांगताना लाज वाटते, पण एक तांब्या पुढे आला नाही. तो गेला आणि त्याच दिवशी पटकी थांबली, असं म्हणतात. पाळकसाहेबांनी शब्द पाळला, म्हणून त्याला माळावरच पुरलं.

आता त्याच्या थडग्याला दरवर्षी चुना लावतात. मंडळी तिथं प्रार्थना करते, गावं नारळ फोडतात. आणि आषाढात दोन्ही गावांचे गाडे वाजतगाजत निघतात, ते शांतवनच्या थडग्यापाशी सोडून लोक परततात. काठ्या आता कुणी काढत नाही. पीडा कुठं टाकायची, ते सगळ्यांना ठाऊक झालंय.