बिशपबाबाची आकडी

ऐका. माळावरच्या बाभळीच्या शेंगेवरसुद्धा गोऱ्या सरकारचा हक्क होता, तेव्हाची ही गोष्ट.

वेलकॉट नावाचे बिशप विलायतेहून इकडे आले. बिशप म्हणजे पाद्र्यांतले थोरले. त्यांच्या हातात माणसापेक्षा उंच काठी असे आणि तिच्या टोकाला चांदीनं मढवलेला आकडा, धनगर फांद्या ओढायला आकडी वापरतात अगदी तसा.

एका साली पाऊस झालाच नाही. उन्हाळ्यात माळावर काडी उरली नाही. हिरवं होतं ते फक्त सरकारी कुरण. त्याला कुंपण होतं आणि आत शिरलेलं जनावर थेट कोंडवाड्यात जाई. ठकूबाई धनगरणीची मेंढरं भुकेनं रोज एकदोन मरून पडू लागली. शेवटी ती भर उपासनेत चर्चच्या दारात उभी राहिली.

"सायब, ही काठी कशापायी?"

"मी मेंढपाळ आहे, त्याची ही खूण," बिशप पुस्तकी मराठीत म्हणाले.

"मग चला की कुरणात. नुसती मिरवायला आकडी आमच्यात कुणी धरत न्हाई."

बिशप लाजले. पण लाजून बसून राहिले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पायघोळ झगा खोचून त्यांनी कुंपण ओलांडलं, आतल्या बाभळीच्या फांदीला आकडी लावली आणि ओढली. खाली शेंगांचा सडा पडला. मागोमाग शिरलेली मेंढरं त्यावर तुटून पडली. असं म्हणतात, पुढच्या बाभळी आपण होऊनच वाकल्या.

कलेक्टर घोड्यावरून धावत आला. "बिशप, हा गुन्हा आहे."

"मग मला कोंडवाड्यात घाला. पण या मेंढरांसकट."

दर रविवारी यांच्यापुढेच गुडघे टेकणारा तो माणूस. काय करणार? घोडा वळवून गेला.

मग वरून हुकूम आला, माफी मागा, नाहीतर बिशपपद सोडा आणि काठी परत करा. बिशपांनी बोटातली बिशपपदाची अंगठी काढून पाठवली. सोबत लिहिलं, "अंगठी बिशपाची, ती घ्या. आकडी मेंढरांची आहे." त्यानंतर ते मरेपर्यंत कळपामागे हिंडले. असं म्हणतात, बाभळीचा काटा त्यांना कधी बोचला नाही. मला हे पटत नाही. बोचला असणार, ते बोलले नसतील.

चांदी केव्हाच झिजली, लाकूड आहे. कुरण अजून सरकारचंच आहे. दर चैत्रात ठकूबाईच्या घरची सून ती आकडी घेऊन आत जाते. जंगलखात्याच्या रखवालदाराला मानानं बोलावतात, घोंगडीवर बसवतात, गूळपाणी देतात. मग त्याच्यादेखत ती पहिली फांदी ओढते.

परवानगी कुणी मागत नाही.