शेंड्यावरची वैद्यशाळा

माणसांनी रानाला नाव देण्याआधीची ही गोष्ट. उंबराच्या शेंड्यावर मोठ्या चोचीच्या धनेश गुरुजींची वैद्यशाळा भरायची. जो फांदीवर येईल त्याला प्रवेश, असा नियम होता. त्यामुळे सगळे शिष्य पंखवालेच होते.

साळू साळिंदर झाडाखाली उभी होती. तिची आई बिळात तापाने फणफणत होती आणि बिळात शिरू शकेल असा वैद्य रानात नव्हता. "गुरुजी, मला शिकवा," ती म्हणाली.

"ये की वर! कुणी अडवलंय? काटे तेवढे खाली ठेव," पोपट खिदळला.

गुरुजी म्हणाले, "नियम सर्वांना सारखा, पोरी. शिवाय बिळात ताप येतच नाही. इतक्या वर्षांत तिथला एकही रोगी माझ्याकडे आला नाही."

"दवाखानाही शेंड्यावर थाटलात, तर येईल कसा?" साळू कडाडली. "एकदा खाली उतरून कान तरी लावा!"

गुरुजी उतरले. साळूच्या बिळातून कण्हणं ऐकू आलं. शेजारच्या बिळात मात्र शांतता होती.

"इथं कुणी राहत नाही?"

"राहत होते, गुरुजी. परवापर्यंत."

गुरुजी तिथेच मातीत बसले आणि साळूला औषधाचा पाला ओळखायला शिकवू लागले. दुसऱ्या दिवसापासून वैद्यशाळा उंबराच्या मुळाशी भरू लागली.