गरुड, मैना आणि कौसाचं बघणं

करंजखोरे नावाचं एक गाव. चारी बाजूंनी डोंगर, आणि गाव मध्ये, परातीच्या तळाशी पीठ राहावं तसं. त्या गावात हैबती नावाचा एक भोळा शेळ्या राखणारा होता. आळशी नव्हता, खोटं बोलत नव्हता, कुणाचं ऐकत नाही असंही नव्हतं. उलट तो सगळ्यांचं ऐकायचा, आणि एकदा ऐकलेलं कधी विसरायचा नाही. गावाला त्याचा त्रास होता तो एवढाच.

घरात त्याची आई आणि धाकटी बहीण कौसा. कौसाचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा दिगंबर, मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला. त्याच्या घरच्यांना कौसा पसंत, कौसाच्या आईला दिगंबर पसंत, फोटो इकडचे तिकडे गेलेले. दिगंबरचं म्हणणं एवढंच, की एकदा समोरासमोर बोलू, मग हो म्हणू. जहाज शुक्रवारी दुपारी कुठल्याशा परदेशी बंदरात थांबणार होतं. त्यानंतर ते निघालं की दिवाळीपर्यंत काही बोलणं नाही, आणि दिवाळीपर्यंत मुलं थांबतात थोडीच?

दिगंबरचा फोटो कौसाच्या शिवणयंत्राच्या खणात होता, आणि हल्ली त्या खणातला दोरा तिला फार वेळा लागत होता.

अडचण अशी, की गावात मोबाइलला रेंज नव्हती. दोन कंपन्या होत्या, गरुड आणि मैना. गरुडवाले म्हणायचे मैना येत नाही, मैनावाले म्हणायचे गरुड येत नाही, आणि दोघांचंही खरं होतं.

"तालुक्याला जाऊन काय ते नवीन यंत्र आणायला हवं," आई म्हणाली. "माझा तर पाय मुरगळलाय."

"मी जाते," कौसा म्हणाली.

"तू? स्वतःच्या बघण्याचं सामान स्वतःच आणणार? लोक तोंडात बोटं घालतील. हैबती जाईल."

कौसानं कपाळावर हात मारला, पण हळूच.

"हे बघ हैबती," आई म्हणाली, "पहिलीच वस्तू उचलून येऊ नकोस. मागं ते कलिंगड आणलंस, आत पांढरंफटक. घेण्याआधी चीर पाडून आतून बघावं."

"असं होय? तसंच करीन," हैबती म्हणाला.

"आणि येताना दह्याचं लोटकं आण. शुक्रवारी मुलाकडचे काका बसायला येणार आहेत."

हैबती तालुक्याला गेला. मुथा शेठच्या दुकानात काचेमागं सगळं मांडलेलं होतं. पाटीएवढा टॅब, तळहाताएवढा मोबाइल, काडेपेटीएवढी वायफायची डबी. शेठ उत्साहानं सांगू लागले. गरुडचा वेग जास्त, पण डोंगर आला की दमतं. मैना हळू, पण चिवट. टॅबमध्ये चेहरा मोठा दिसतो, मोबाइल खिशात मावतो. हैबतीनं सगळं मन लावून ऐकलं. मग टॅब हातात घेतला, बोटाची टिचकी मारून कानाशी नेला, आणि कमरेची कोयती काढली.

"अहो! अहो, हे काय?"

"चीर पाडतो. आतून लाल आहे का बघतो."

शेठनी काउंटरवरून अंगच टाकलं. टॅब वाचला. खोक्याला मात्र चीर पडली, आणि खोकं आतून पांढरं निघालं. हैबतीनं मान हलवली.

"अहो हैबतराव," शेठ धापा टाकत म्हणाले, "ही वस्तू आतून बघायची नसते. ही उंचावर ठेवायची असते. जितकी उंच, तितकी उत्तम. असं करा, तुम्ही ओळखीतले, दोन्ही न्या. ह्या टॅबमध्ये गरुडचं कार्ड घातलंय, ह्या मोबाइलमध्ये मैनाचं. गावात वापरून बघा आणि नको ते परत आणा. पण ती कोयती आत ठेवा."

"असं होय? जितकं उंच, तितकं उत्तम. तसंच करीन."

टॅब आणि मोबाइल पिशवीत घालून हैबतीनं दह्याचं लोटकं घेतलं आणि एसटीत चढला. दही उत्तम राहायला हवं होतं. पाहुण्यांसाठी होतं ते. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. गाडीतली सगळ्यात उंच जागा म्हणजे वरची सामानाची फळी. त्यानं लोटकं तिथं ठेवलं आणि समाधानानं खाली बसला.

घाटातल्या पहिल्याच वळणावर दही उतरलं. खाली एक गृहस्थ पांढरी टोपी घालून झोपले होते. ते उठले तेव्हा टोपी तितकीच पांढरी होती, पण त्यांच्या मिशाही पांढऱ्या झाल्या होत्या.

"ए बाबा," कंडक्टर ओरडला, "दही वर ठेवतात का? अरे, जपायची वस्तू मांडीवर घ्यावी! फडक्यात घट्ट गुंडाळावी, गच्च गाठ मारावी, आणि जागची हलू देऊ नये!"

"असं होय? पुढच्या वेळी तसंच करीन," हैबती म्हणाला, आणि त्यानं त्या गृहस्थांच्या मिशा पुसायला फडकं दिलं. गृहस्थांनी ते घेतलं नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "दही कुठाय?"

"एसटीत."

आईनं पुढं विचारलं नाही. तिला त्याला वाढवण्याचा बराच अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसा म्हणाली, "दादा, ती यंत्रं लावून बघ ना, कुठलं चालतंय ते." थोड्या वेळानं ती बाहेर येऊन बघते, तर हैबती ओट्यावर मांडी घालून बसलेला. मांडीवर दोन गाठोडी. वर गच्च गाठी. स्वतः श्वाससुद्धा जपून घेत होता.

"दादा, हे काय?"

"हळू बोल. हलेल."

"चालतंय का?"

"अजून काही बोललं नाही."

"अरे गुंडाळून ठेवल्यावर ते बोलेल कसं?" कौसाच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "परवा शुक्रवार आहे. दादा, मला ती माणसं आवडली आहेत रे. ते असं बांधून ठेवायचं नसतं. मोकळं सोडायचं, रानभर फिरवायचं, जिथं रेंज लागेल तिथं थांबवायचं. एवढं कर माझ्यासाठी."

हैबती लगेच गाठी सोडू लागला. "असं होय?" तो म्हणाला. "अगं, एवढंच ना! आधी सांगायचंस."

मोकळं सोडणं आणि रानभर फिरवणं, हे तर त्याचं रोजचं काम होतं. त्यानं चंपी शेळीच्या गळ्यात सुतळीनं टॅब बांधला, बुटकीच्या गळ्यात मोबाइल बांधला, आणि दोघींना मोकळं सोडलं. मग सावलीत बसून राहिला. जिथं रेंज लागेल तिथं त्या थांबतीलच. शेळ्या चांगल्या जागी थांबतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

घरामागच्या बांधाला लागून वामन गुरुजींचा वांग्याचा वाफा होता. गुरुजी निवृत्त झालेले, फार शिकलेले, आणि शिकल्यामुळं की काय, कुठल्याच गोष्टीची खात्री नसलेले. ते पाणी घालायला आले तर वांग्यांत घंटी वाजू लागली. गुरुजी दचकले. वाकून पाहतात तर बुटकी शेळी, तोंडात वांग्याचं पान, गळ्यात वाजणारा मोबाइल. त्यांनी चाचरत बटण दाबलं.

"हॅलो! हैबतराव का? मुथा बोलतोय. कुठलं आवडलं?"

"नाही," गुरुजी म्हणाले, "मी वांग्याच्या वाफ्यातून बोलतोय. बहुतेक."

तेवढ्यात चंपीच्या गळ्यातला टॅबही टुणटुणला. हैबती धावत आला. त्या बांधावर दोन्ही कंपन्यांची रेंज होती. गावात इतकी वर्षं कुणाला हे माहीत नव्हतं, कारण तिथं शेळ्या आणि गुरुजींखेरीज कुणी जात नव्हतं, आणि दोघांकडेही मोबाइल नव्हता.

"गुरुजी, सापडली!" हैबती म्हणाला. "आता ह्या दोघींपैकी कुठली ठेवू?"

"शेळ्या?"

"यंत्रं."

गुरुजींनी चष्मा पुसला. "हे बघ, हैबती. माझं चुकतही असेल. पण तुलना करायची तर दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी, शेजारी शेजारी मांडावीत. म्हणजे कुणावर अन्याय होत नाही. ज्यात चेहरा स्वच्छ दिसेल आणि मध्येच अडकणार नाही, ते ठेवावं. अडकेल ते परत करावं. निदान मला तरी असं वाटतं. तू आणखी कुणाला विचार."

"कशाला विचारू? तसंच करीन," हैबती म्हणाला.

तो दिवसभर विचार करत होता. एकाच जागी, एकाच वेळी, शेजारी शेजारी. टॅबमध्ये दिगंबर येणार. मग मोबाइलमध्ये कोण? एकात मुलगा आणि दुसऱ्यात काहीच नाही, ही तुलना कसली? कुणावर अन्याय व्हायला नको. संध्याकाळी तो लग्नं जुळवणाऱ्या बाळोबाकडे गेला.

"बाळोबाकाका, शुक्रवारी दुपारसाठी अजून एक मुलगा द्या."

"का रे? पहिला मोडला का?"

"नाही. शेजारी लावायचाय."

बाळोबाकडे मुलांचा तुटवडा नव्हता. त्यानं साखर कारखान्यात वजनकाट्यावर बसणाऱ्या मुरलीधरचा नंबर दिला. हैबतीनं बांधावर येऊन त्याला फोन लावला. मुरलीधर सालस होता. तो म्हणाला, बरं, शुक्रवारी दुपारी फोनवर येतो. हैबतीनं घरी हे लपवलं नाही. त्याला कुणी विचारलंच नाही.

शुक्रवार उजाडला. बांधाजवळ सतरंजी घातली. मुलाकडचे आत्मारामकाका येऊन बसले, गुरुजी बसले, आईनं पोह्यांच्या बश्या फिरवल्या. कौसा नवी साडी नेसून बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. समोरच्या पाटावर टॅब उभा केला होता.

दुपारी टॅब वाजला. दिगंबर दिसला. मागं जहाजाचा कठडा, केस वाऱ्यानं उडालेले.

"नमस्कार," तो म्हणाला. "दिसतोय का मी?"

"दिसताय," कौसा म्हणाली, आणि एवढ्यावरच लाजली.

तेवढ्यात हैबतीनं खिशातून मोबाइल काढला, बटण दाबलं, आणि टॅबच्या शेजारी, बरोबर ओळीत, उभा केला.

"नमस्कार," मोबाइलमधून मुरलीधर म्हणाला. त्यानं कपाळाला गंध लावलं होतं.

"आपण कोण?" टॅबनं विचारलं.

"मी मुलगा," मोबाइल म्हणाला. "आपण?"

"मीही मुलगाच."

आत्मारामकाकांच्या घशात पोहे अडकले. गुरुजींनी त्यांच्या पाठीत हळूच थोपटलं आणि नंतर वाटलं की नको होतं थोपटायला.

"हैबती!" आई किंचाळली. "हा कोण?"

"आई, ओरडू नकोस, तुलना चाललीय." हैबती दोन्ही पडद्यांकडे वाकून बघत होता. "एकाच जागी, एकाच वेळी. गुरुजींनी सांगितलंय."

"मी?" गुरुजी म्हणाले. "मी असं... कदाचित म्हणालोही असेन."

"ही काय थट्टा आहे?" आत्मारामकाका उठून उभे राहिले. "चल रे दिगंबर, ठेव तो फोन!"

पण दिगंबर जागचा हललाच नाही. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं, एक डोळा मिटलेला होता, आणि उडालेले केस तसेच हवेत होते. गरुड दमलं होतं. शेजारी मोबाइलमध्ये मुरलीधर मात्र स्वच्छ दिसत होता. त्याच्या गंधाचा ओला काठसुद्धा दिसत होता.

हैबती सरळ उभा राहिला. "ठरलं," तो म्हणाला. "हा स्वच्छ दिसतो, अडकत नाही. हा ठेवू. तो अडकतो. तो परत करा, काका."

आईनं पदर तोंडाला लावला. काका चपला शोधू लागले. आणि इतका वेळ खाली बघणारी कौसा एकदम उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "मला तो अडकलेलाच हवा. दिवाळीपर्यंत तसाच राहिला तरी चालेल, पण मला तोच हवा!"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. ती मटकन खाली बसली.

टॅबवर दिगंबरचा एक डोळा अजून मिटलेलाच होता. पण आवाज आला. "मला ऐकू येतंय," आवाज म्हणाला. "मघापासून सगळं येतंय. काका, चपला राहू द्या. माझं हो आहे. आणि तिच्या भावाला सांगा, मला परत केलं तरी मी जाणार नाही."

काका हसले. आधी मिशीत, मग मोठ्यानं. आईनं त्यांच्या बशीत आणखी पोहे घातले, त्यांनी नको म्हटलं, तिनं तरी घातले. तारखांची बोलणी सुरू झाली. दिवाळीनंतरचा मुहूर्त धरायचा ठरला.

ह्या गडबडीत पाटावरचा मोबाइल दोनदा म्हणाला, "मी थांबू की ठेवू?" पण कुणी ऐकलं नाही.

आईनं पातेल्यात बघितलं. पोहे बरेच उरले होते. तिनं एक ताटली भरली आणि हैबतीच्या हातात दिली. "जा, शेजारी सरजाआजींना देऊन ये. घरात जास्तीचं झालं की टाकून देऊ नये रे, शेजारी द्यावं. त्यांनाही बरं वाटतं."

"असं होय?" हैबती म्हणाला. तो गेला, ताटली देऊन आला. आजींना खरंच बरं वाटलं. ऐंशीच्या घरातली एकटी बाई, दारावर कुणी आलं की खुलायची.

तो परत येऊन पाहतो, तर पाटावरचा टॅब कौसाच्या मांडीवर गेला होता, आणि मोबाइल एकटाच उभा होता. त्यात मुरलीधर, गंध लावून, अजून ताठ बसलेला.

हैबतीला वाईट वाटलं. इतका स्वच्छ मुलगा, जराही न अडकणारा, आणि उरला. त्यानं मोबाइल दोन्ही हातांत धरला, सांडू नये अशा बेतानं चालत शेजारी गेला, आणि सरजाआजींच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

"आजी," तो म्हणाला, "आमच्याकडे एक मुलगा जास्तीचा झालाय. घ्या."

आजींनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. हात पुसले. चष्मा लावला. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन मुरलीधरला नीट न्याहाळलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि विचारलं, "शेती किती?"

हैबती हळूच बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. बघण्याच्या वेळी तिसऱ्यानं मध्ये बसू नये, एवढं त्याला कळत होतं.