अंबूचा चुडा

घाटाच्या पायथ्याशी निमसोंड नावाचे गाव आहे. गावाला वळसा घालून जाणाऱ्या ओढ्याच्या काठी, एका जुन्या करंजाखाली, श्रीविश्रामनाथ महाराज सोळा वर्षे राहिले. कुडाच्या भिंतींचा मठ, एक धुनी आणि येईल त्याला बसायला दारात पसरलेले घोंगडे, एवढाच त्यांचा संसार. महाराज उपदेश फारसा करीत नसत. येणाऱ्याला ते प्रश्न विचारीत, आणि तेही असे की ऐकणारा बुचकळ्यातच पडे. गाय हरवली म्हणून रडत आलेल्याला विचारीत, "काल जेवायला कुठं होतास?" आणि पुष्कळदा त्या उत्तरातच गाय सापडे!

याच गावात गजराबाई कासारीण राहात होती. तिचा नवरा आबाजी पेठेतून उधारीवर बांगड्या आणी, आणि गजराबाई डोक्यावर पेटारा घेऊन पाच गावांतल्या बायकांचे हात भरी. एके वर्षी लग्नसराईच्या तोंडावर आबाजीने कर्ज काढून गाडीभर माल भरला. घाट उतरताना गाडीचा आख मोडला. सगळी काच दरीत गेली आणि आबाजीचे कंबरेचे हाड मोडले. तो जो अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. औषधपाण्याची भर पडून कर्ज तीनशे रुपयांवर गेले. पेठेतल्या रहिमानभाई मणेरांचे मालाचे नव्वद, मार्तंड वाण्याचे किराण्याचे तीस, आणि बाकीचे एकशेऐंशी दौलतशेटचे.

दौलतशेट गावचे सावकार. माणूस तसा दानधर्म करणारा, पण दान दिले की चारचौघांत बोलून दाखवणारा. महाराजांविषयी तर त्यांचे मत ठरलेलेच होते. "काम ना धाम, झाडाखाली बसून लोकांना कोडी घालतो!"

पैशाची विचारणा रोज होऊ लागली. गजराबाई घाबरून प्रत्येकाला म्हणे, "पुढच्या बाजारी सगळे देते." बाजार येई आणि जाई. मग ती वाण्याकडून घेऊन शेटला देई, शेटचे व्याज भागवायला बांगड्या पडेल भावाने विकी. शेवटी एका दुपारी ती मठात येऊन नुसती बसून राहिली.

महाराज डाळ निवडत होते. त्यांनी विचारले, "तुमच्या घरात आज काय शिजलं?"

"काही नाही, महाराज. चार आणे होते, ते शेटच्या माणसाला दिले."

"उपाशी हात किती बांगड्या भरतील?"

महाराजांनी तिला हिशेब करायला लावला. आठवड्याची मिळकत किती, नवऱ्याचे औषध किती, दोन वेळची भाकरी किती. सगळे वजा जाऊन सव्वा रुपया उरत होता.

"मग सव्वा रुपयाच द्यायचा," महाराज म्हणाले. "ज्याचं जास्त त्याला जास्त, ज्याचं कमी त्याला कमी. शेटला बारा आणे, रहिमानभाईंना सहा, मार्तंडला दोन. तिघांना सांगणं एकच, लपवायचं काही नाही. ते दारात येण्याआधी रविवारी आपणच त्यांच्या दारात जायचं. आणि बाई, भीतीपोटी एक पैसाही जास्त कबूल करायचा नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणू दे. आपण जायचं."

ती गेली. रहिमानभाईंनी दाढी कुरवाळत सगळे ऐकले. "भाभी, हे पाच वर्षांचं काम झालं. पण खोटा वायदा ऐकण्यापेक्षा सहा आणे बरे," म्हणून त्यांनी पैसे घेतले. मार्तंड वाणी जरा कुरकुरला, पण त्यानेही घेतले. दौलतशेट मात्र दुकानात बसलेल्या लोकांकडे बघून मोठ्याने हसले.

"एकशेऐंशी रुपयांना बारा आणे! ही अक्कल त्या बुवाची दिसते. जा, त्याला म्हणावं, बाकीचे धुनीतून काढून दे."

त्यांनी पैसे परत लोटले आणि दुसऱ्या दिवसापासून सदू नावाचा माणूस गजराबाईच्या दारात बसवला. सदू काही मारहाण करीत नसे. तो फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "काय कासारीणबाई, आज तरी देताय ना?" आतून आबाजीचे कण्हणे ऐकू येई.

दोन आठवडे तिने सोसले. तिसऱ्या आठवड्यात धीर सुटला आणि तिने सगळा सव्वा रुपया सदूच्या हातावर ठेवला. शेटनी तो सदूची मजुरी म्हणून ठेवून घेतला. कर्जातून छदामही वजा केला नाही!

तिने हे सांगितले तेव्हा महाराज म्हणाले, "ओरडणाऱ्याला दिलंत आणि थांबलेल्यांचं बुडवलंत. आता त्या दोघांकडे जा आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगा."

ती लाजेने अर्धी होऊन गेली. पण खरे सांगितल्यामुळे दोघांनीही तो आठवडा सोडून दिला. शेटचे बारा आणे त्यानंतर ती दर रविवारी नेई, शेट नाकारत, आणि घरी आल्यावर ती ते एका वेगळ्या गाडग्यात टाकी. घरात मीठ संपले तरी त्या गाडग्याला तिने हात लावला नाही.

अशात शेटच्या मुलीचे, अंबूचे लग्न ठरले. चुडा भरण्याचा मान गावच्या कासारणीचा. लोकांत कुजबुज सुरू झाली की शेट आता काय करणार? शेटनी केले ते भलतेच. ते स्वतः दोन माणसे घेऊन गजराबाईच्या घरी आले आणि मालासकट पेटारा उचलून घेऊन गेले. "हे जप्त," ते म्हणाले. "चुडा पेठेतला कासार भरील."

रहिमानभाई आणि मार्तंड वाणी ही बातमी ऐकून शेटकडे गेले. "तिचा पेटारा नेलात, मग आमचे पैसे ती कशातून देणार?" त्यांनी विचारले. शेट म्हणाले, "ते तुमच्या बुवाला विचारा."

गजराबाई मठात आली ती रडतच. महाराजांनी विचारले, "अंबूच्या लग्नाला किती दिवस आहेत?"

"नऊ."

"बरं. मग तोवर हाताला रोज तेल चोळत जा. कासारणीचा हात मऊ हवा."

घोंगड्यावर बसलेली माणसे एकमेकांकडे बघू लागली. घरात एक बांगडी नाही, आणि हात मऊ कशाला? पण गजराबाईने प्रश्न केला नाही. पणतीत घालायचे थेंबभर तेल ती रोज तळहातावर चोळू लागली. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत.

चुड्याचा दिवस उजाडला. शेटच्या अंगणात मांडव, बायकांची दाटी. पेठेतला म्हातारा कासार चाळीस वर्षे या धंद्यातला. त्याने अंबूचा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाला, "लोण्यासारखा हात आहे." पहिली हिरवी बांगडी चार बोटांवरून सरकली आणि अंगठ्याच्या उंचवट्याशी येऊन थांबली.

कासाराने एक माप मोठी घेतली. तीही तिथेच थांबली. दोन मापे मोठी, सासूच्या हाताला बसेल अशी बांगडी घेतली. ती तर हाताभोवती सैल फिरत होती, बायकांना बोटभर फट दिसत होती, पण वर जाईना! बांगडी पिचली नाही, हात दुखला नाही. फक्त जाईना.

आधी अंबूच हसली. मग बायका पुढे झाल्या. कोणी साबण आणला, कोणी दूध. अंबूच्या आत्याने आपल्या हातातली बांगडी काढून घालून पाहिली. शेटनी जप्त केलेला पेटारा उघडवला, त्यातल्याही बांगड्यांची तीच गत. शेटनी रागाने स्वतः एक बांगडी धरून रेटली. इतकी रेटली की काच फुटायला हवी होती. ती फुटलीही नाही. म्हाताऱ्या कासाराने हात जोडले. "शेट, हे माझ्या धंद्यातलं नाही." अंबूच्या डोळ्यांत आता पाणी उभे राहिले. संध्याकाळी हळद होती, आणि रित्या हाताने नवरी हळदीला कशी बसणार?

"करणी केली त्या बाईने!" म्हणत शेट तडक मठाकडे निघाले. निम्मे गाव कुतूहलाने त्यांच्यामागे होते.

महाराज धुनीतली राख सारखी करीत होते. शेटचे सगळे बोलणे त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "शेटजी, नवरीचा चुडा कसा भरतात?"

"कसा म्हणजे? बांगड्या घालतात."

"सगळ्या एकदम?"

"एकदम कशा जातील? एकेक करून."

"आणि हात आवळला तर?"

"मग एकही..." म्हणता म्हणता शेटना आपण परत लोटलेले बारा आणे आठवले. मागे गर्दीत रहिमानभाई उभे होते, मार्तंड वाणी होता. कोणी हसले नाही. शेट घोंगड्यावर मट्‌कन बसले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, चुकलो. पोरीचा काय दोष?"

"पोरीचा काहीच नाही," महाराज म्हणाले. "तिच्यासाठी कासारीण कधीपासून हात मऊ करून बसली आहे. पण तिचा पेटारा तुमच्याकडे आहे."

पेटारा शेटनी स्वतः गजराबाईच्या दारात नेऊन ठेवला. ती बाहेर आली. शेट म्हणाले, "बाई, कर्जाचं खत मी फाडून टाकतो. सगळं माफ. पण चला."

गजराबाई म्हणाली, "अंबूसाठी येतेच. तिनं माझं काय वाईट केलंय? पण खत फाडू नका, शेट. त्या दोघांचे द्यायचे आणि तुमचे बुडवायचे, हे मला जमायचं नाही. मुद्दल फेडीन, बारा-बारा आण्यांनी." मग जरा थांबून पुढे म्हणाली, "व्याज मात्र सोडलंत तर नाही म्हणणार नाही."

आतून आबाजी कितीतरी महिन्यांनी हसला.

मांडवात ती अंबूपुढे बसली. मनात महाराजांचे नाव घेतले, मुलीचा हात दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू चोळला आणि पहिली बांगडी चढवली. ती अशी सरकली की अंबूला कळलेही नाही! दुसरी गेली, तिसरी गेली. बायका श्वास रोखून बघत होत्या. दोन्ही हात कोपराखाली हिरवेगार भरले, तेव्हा म्हाताऱ्या कासाराने आपला पेटारा बंद करून मठाच्या दिशेने नमस्कार केला. काय ही महाराजांची लीला! कोणाला शाप नाही, कोणाचे नुकसान नाही. एक बांगडी अडवली आणि एक माणूस सोडवला.

लग्न झाले. पुढच्या रविवारी दुकानात गर्दी असताना गजराबाई आली. आधी तिने ते गाडगे समोर रिते केले, सव्वाआठ रुपये. मग त्या आठवड्याचे बारा आणे पुढे धरले. दौलतशेट गादीवरून उठले आणि खाली उतरून आले. त्यांनी ओंजळ पुढे केली, पैसे प्रसादासारखे कपाळाला लावले आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे कमरेत वाकले.

गजराबाई गोंधळून दोन पावले मागे सरली. "शेट, अहो, बारा आणेच आहेत."

"माहीत आहे," शेट म्हणाले, आणि तसेच वाकून राहिले.