पाणवठ्याची वाट

रानाला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. बिबट्या पिल्लं उचलू लागला, म्हणून रानडुकरांनी आपल्या मित्रांकडे, साळिंदरांकडे, गळून पडलेले काटे मागितले.

"देऊन टाकू," साळिंदरांचा म्होरक्या म्हणाला.

सभेत एक म्हातारी साळू उठली. "ते रोवणार कुठे?"

"पाणवठ्याच्या वाटेवर, बिबट्या तिथूनच येतो. मित्रांवर संशय घेता, आजी?" म्होरक्याने विचारलं.

"संशय नाही. पण काटे आपल्या अंगचे आहेत, आणि त्या वाटेने सगळं रान पाण्याला जातं."

सभेने काटे दिले, पण डुकरांच्या जाळीभोवतीच रोवायचे, या अटीवर. म्होरक्या धुमसत राहिला. डुकरांची पिल्लं मात्र वाचली.

उन्हाळ्यात साळिंदरांचा झरा आटला. म्होरक्याची पिल्लं त्याच वाटेने पाणी पिऊन आली. पायाला ओरखडासुद्धा नव्हता. म्होरक्याने म्हातारीपुढे मान लववली.

"आजी, पुढच्या वेळी मी रागावलो तरी असाच प्रश्न विचारा."